अस्वल कोणाचे?



आपल्या साकोलीपासून नागझिऱ्याचे अरण्य फार दूर नाही. त्या अरण्यात अस्वले आहेत, हे आपणांपैकी प्रत्येकास लहानपणापासून ठाऊक असते. मोहफुले वेचावयास पहाटे रानात जाणाऱ्या आयाबायांच्या तोंडून त्यांच्या गोष्टीही आपण ऐकलेल्या असतात. परंतु आज ज्या अस्वलाविषयी मी लिहिणार आहे, ते रानातले नव्हे. ते एका मुलीच्या वहीत जन्मास आले, आणि त्याच्यापायी मला स्वतःला एक धडा शिकावा लागला.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी आमच्या हस्तलिखितात एका अस्वलाची चित्रमालिका काढीत असे. त्या अस्वलाचा उजवा कान फाटलेला, अंगावर निळी घोंगडी व हातात कंदील. रात्री सर्व गाव निजले म्हणजे ते मामा तलावाच्या पाळीवरून एकटेच फिरावयाचे आणि पाळीस कोठे भोक पडले असल्यास ते मातीने बुजवावयाचे. ते कधी एक शब्दही बोलत नसे. दोन वर्षे तिने ते चालविले. ही कल्पना तिला कशी सुचली, असे एकदा मी विचारले, तेव्हा तिने इतकेच सांगितले की, तिचे आजोबा पावसाळ्यात असेच पाळीवर जात असत.

पुढे स्नेहसंमेलनाच्या वेळी चित्रकलेची स्पर्धा झाली. दुसऱ्या एका तुकडीतील मुलाने तेच अस्वल काढले. तोच फाटका कान, तीच घोंगडी, तोच कंदील. मात्र तोंडात विडी आणि चाल झोकांड्या खाणारी. चित्र हुबेहूब उतरले होते. पाहणारे पोट धरून हसले. परीक्षक मी होतो. मीही हसलो आणि त्यास पहिला क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे आली व म्हणाली, “सर, माझी पाने मला परत द्या.” त्यानंतर तिने हस्तलिखितास एकही चित्र दिले नाही.

मी त्या मुलास बोलावून विचारले. तो लबाड नव्हता. तो सरळपणे म्हणाला, “सर, मी तिची वही घेतली नाही, पान फाडले नाही. आणि अस्वल तर रानात सर्वांचेच आहे!”

या उत्तरास प्रत्युत्तर काय द्यावे, हे मला त्या क्षणी सुचले नाही. पुढे विचार करता जे उमगले, तेच या लेखात मांडीत आहे.

त्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. अस्वल सर्वांचे आहे; कोल्हा, कावळा, सिंह हेही सर्वांचेच आहेत. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे शेकडो वर्षे इतक्या मुखांतून फिरले आहेत की, त्यांवर आज कोणाही एकाचा हक्क सांगता येणार नाही. परंतु फाटक्या कानाचे, निळ्या घोंगडीचे, मुक्याने पाळ राखणारे अस्वल नागझिऱ्यात सापडावयाचे नाही. त्याचा कान, त्याचे मौन आणि त्याचे काम ही सर्व एका व्यक्तीने निवडून एकत्र आणली. माती सर्वांची असते. पण कुंभाराने घडविलेले मडके त्या कुंभाराचे असते.

वही चोरीस गेली तर वही नाहीशी होते. पात्राचे तसे नसते. ते दुसऱ्याने नेले तरी मूळ चित्र वहीत जसेच्या तसे राहते. म्हणूनच ‘मी काय घेतले?’ असा प्रश्न नेणाऱ्यास पडतो. त्या मुलीचे मात्र पुष्कळ गेले होते. तिच्या अस्वलाकडे पाहून आता सर्वांस विडीच आठवत होती. आजोबांच्या आठवणीतून आलेले ते पात्र कसे वागेल, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या हातून गेला होता.

अशा अधिकाराचा आदर करण्यावर ज्यांचा सारा व्यवहार चालतो, असा एक समाज जगात आहे. त्यास ‘फरी’ असे म्हणतात. मनुष्याप्रमाणे बोलणाऱ्या व चालणाऱ्या प्राण्यांच्या पात्रांची आवड असणारी ही मंडळी होत. त्यांचे स्वतंत्र संमेलन प्रथम १९८९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात भरले. आज अनेक देशांत अशी संमेलने भरतात. त्यांतील पुष्कळ जण स्वतःसाठी एक प्राणिरूप पात्र कल्पितात. कोणी लांडगा होतो, कोणी कोल्हा, कोणी ऊदमांजर. त्या पात्रास नाव, रंग, खुणा आणि स्वभाव दिलेला असतो. ज्यास स्वतः चित्र काढता येत नाही, तो चित्रकारास मोल देऊन ते काढवून घेतो, आणि त्या पात्राचा पुढून व मागून दिसणारा आकार, रंग व खुणा दाखविणारे एक आधारचित्र जवळ ठेवतो. कित्येक जण त्या पात्राचे संपूर्ण सोंग शिवून घेऊन संमेलनास जातात.

या मंडळींत एक रीत सर्वमान्य आहे. दुसऱ्याचे पात्र आपले म्हणून मिरवावयाचे नाही. त्यास आपल्या कथेत अथवा चित्रात आणावयाचे असल्यास धन्यास आधी विचारावयाचे. चित्र काढणाऱ्याचा हक्क वेगळा व पात्राच्या धन्याचा वेगळा, हेही ते जाणतात. चित्र मोल देऊन काढवून घेतले तरी चित्रकाराचे नाव पुसावयाचे नाही; आणि चित्र आपण काढले एवढ्यावरून चित्रकाराने ते पात्र दुसऱ्यास विकावयाचे नाही. अशा तंट्यांसाठी सहसा कोणी न्यायालयात जात नाही. ही रीत टिकते ती परस्परांच्या विश्वासावर. जो ती मोडतो, त्यास पुढे कोणी आपले पात्र दाखवीत नाही.

हे आपणांस अगदी परके वाटावयास नको. आपल्या महाराष्ट्रात जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याचा उत्सव होतो. त्यात देवादिकांचे व राक्षसांचे मुखवटे घालून सोंगे नाचविली जातात. वाटेल त्याने वाटेल तो मुखवटा उचलावा, असे तेथे चालत नाही. कित्येक ठिकाणी अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे, असे परंपरेने ठरलेले असते. मुखवट्यामागे कोण आहे, यास आपल्या वाडवडिलांनीही महत्त्व दिले होते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात १९५७ सालचा कृतिस्वामित्वाचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा आहे. त्याचे तत्त्व असे की, नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते; कल्पनेस दिलेल्या विशिष्ट रूपावर असते. तळे राखणारा प्राणी ही कल्पना कोणीही घ्यावी. परंतु तो फाटका कान, ती घोंगडी व तो कंदील यांनी सजलेले रेखाटन उचलू नये. हा हक्क मिळण्यास कोठे नोंदणी करावी लागत नाही. कृती कागदावर उतरताच तो उत्पन्न होतो. शाळकरी मुलीच्या वहीसही तो लागू आहे. लेखक व चित्रकार यांच्या कृतींवरील हा हक्क त्यांच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. शिवाय कर्त्याचे नाव कृतीशी जोडलेले राहावे, आणि त्याच्या कीर्तीस बाध येईल अशी तिची मोडतोड कोणी करू नये, असाही स्वतंत्र हक्क त्याच कायद्याने दिला आहे.

याचे एक उदाहरण आपल्या भाषेतील घेऊ. चि. वि. जोशी यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ती उभी केली, तेव्हा घराघरांत लोकांनी ती तत्काळ ओळखली. जोशी १९६३ साली वारले. त्यानंतरची ६० वर्षे २०२३च्या अखेरीस पूर्ण झाली. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कथांतील चिमणराव १ जानेवारी २०२४पासून सर्वांचे झाले. तरीही चिमणरावांवर नवी गोष्ट रचणाऱ्याने जोशींचे नाव गाळावे, हे शोभणार नाही. मुदत सरते, पण ऋण सरत नाही.

पात्र हातचे जाते तेव्हा निर्मात्यावर काय गुदरते, हे वॉल्ट डिस्ने यांस चांगले कळले होते. १९२७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्वाल्ड नावाचा एक ससा चित्रपटांसाठी निर्माण केला. ससा लोकप्रिय झाला. १९२८ साली डिस्ने नवा करार करण्यास न्यूयॉर्क येथे गेले, तेव्हा त्यांस कळून चुकले की, करारान्वये सशाची मालकी युनिव्हर्सल कंपनीची आहे. इतकेच नव्हे, तर त्यांचे बहुतेक चित्रकारही वितरकाने आपल्याकडे वळविले आहेत. सशाचा नाद सोडून त्यांनी उब आयवर्क्स या विश्वासू सहकाऱ्यासह नवे पात्र घडविले. तोच मिकी माऊस. तो ससा डिस्ने यांच्या कंपनीकडे परत आला २००६ साली. डिस्ने तर १९६६ सालीच निवर्तले होते.

आपल्या देशातील एका चित्रकारास मात्र न्याय मिळाला. केरळात व्ही. टी. थॉमस, ऊर्फ टॉम्स, यांची बोबन व मोली ही खोडकर भावंडे फार लोकप्रिय होती. मलयाळ मनोरमा या वृत्तसमूहाची नोकरी सोडल्यावर टॉम्स यांनी ती पात्रे अन्यत्र काढू नयेत, अशी मागणी घेऊन त्या समूहाने न्यायालय गाठले. ही पात्रे टॉम्स यांनी नोकरीपूर्वीच निर्माण केली होती, हे ध्यानी घेऊन केरळ उच्च न्यायालयाने त्यांस ती पुढे काढण्याची मोकळीक दिली. दोन्ही प्रकरणांत पात्र निर्मात्याचेच होते. भेद पडला तो करारामुळे. म्हणून सही करण्यापूर्वी वाचावे, हाही त्यातील एक धडा होय.

येथे कोणी विचारील की, मग दुसऱ्याचे पाहून काही काढावयाचेच नाही काय? तसे नव्हे. हात बसण्यासाठी थोरांची चित्रे गिरविणे हा शिक्षणाचा जुना मार्ग आहे. आपल्या वहीत खुशाल गिरवावे. परंतु ते चित्र वहीबाहेर पडून स्पर्धेत, फलकावर अथवा छापील पानावर जावयाचे असेल, तर आधी तीन गोष्टी कराव्यात. पात्र कोणाचे, याचा शोध घ्यावा. धनी सापडत असल्यास त्यास विचारावे, आणि त्याने नाही म्हटल्यास ते निमूटपणे मानावे. होकार मिळाल्यास चित्राखाली त्याचे नाव स्पष्ट लिहावे.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या पाल्याच्या वहीतील विचित्र प्राणी पाहून ‘हे काय भलतेच?’ असे म्हणण्यापूर्वी त्याचे नाव विचारा. आणि पाल्याने दुसऱ्याचे चित्र उतरवून बक्षीस आणले, तर ढाल भिंतीवर टांगण्याआधी ते मूळ कोणाचे, हेही विचारा.

आता त्या अस्वलाचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली; तिचे चित्र रोज डोळ्यांखालून जात असता मी परीक्षक म्हणून ते ओळखावयास हवे होते. त्या मुलाने तिची क्षमा मागितली, आणि विडी काढून टाकून ते अस्वल मी पुढे काढू का, असे विचारले. ती ‘नाही’ म्हणाली. तो थोडा हिरमुसला, पण त्याने ते मानले. महिन्याभराने त्याने मला एक बगळा आणून दाखविला. चष्मा लावलेला, काखेत छत्री धरलेला, प्रत्येक माशाला आधी नाव-गाव विचारणारा. तो मात्र सर्वस्वी त्याचाच होता.

त्या मुलीने हस्तलिखितास पुन्हा चित्र दिले नाही. शाळा सोडताना ती मला भेटावयास आली, तेव्हा तिच्या पिशवीतून एक वही डोकावत होती. वहीच्या वेष्टनावर निळ्या घोंगडीचा एक कोपरा मला दिसला. आत काय आहे, हे मी विचारले नाही.