परीक्षा बायकांची, काजीपद पुरुषांना

नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ ही कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माझं कुतूहल मात्र कित्येक वर्षं त्यांच्या मासळीच्या पाटीपाशी अडकलं आहे.

दंतकथा अशी. दावीद राहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. हे तेली खरोखर आपलेच का, अशी त्याला शंका. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढी घेतली, उरलेली बाजूला सारली; ती आमच्यात खात नाहीत, म्हणाल्या. कोशेरचा, म्हणजे यहुदी आहारधर्माचा, नेमका हाच नियम. राहाबीची खात्री पटली. मग त्याने धर्मशिक्षणासाठी झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले तिघे निवडले. तिघेही पुरुष. त्यांच्याकडे काजीपद आलं. मासळी निवडणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव कथेत नाही.

राहाबी कोण, यावर जुना वाद आहे. बेने इस्राएलांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर त्याला कित्येक शतकं मागे नेतात. त्यांचा इतिहास १८९७ साली लिहून झाला, छापून आला तो १९३७ साली, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. नंतरच्या अनेक अभ्यासकांना हा दावीद म्हणजे अठराव्या शतकातल्या कोचीनच्या व्यापारी राहाबी घराण्यातला वाटतो. त्याच घराण्यातल्या एझेकिएल राहाबीचं १७६८ सालचं एक पत्र आहे, हॉलंडला पाठवलेलं. मराठी मुलखातले हे लोक तेलाचे घाणे चालवतात. ‘शेमा’ची प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती यापलीकडे त्यांना धर्मातलं काही ठाऊक नाही, अशा आशयाचं.

मला हे पत्र अंगणातूनच परत फिरलेल्या पाहुण्याचं वाटतं. दंतकथेची तारीख कुठलीही असो, चुलीपाशी डोकावण्याची अक्कल दंतकथेला होती. ज्या किनाऱ्यावर गरिबाचं कालवण तिसऱ्या, कोळंबी, खेकडे आणि मोरीवर निघतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या पापलेट-रावसावर भागवायचं म्हणजे केवढा निग्रह! आणि तोही समोर ग्रंथ नसताना.

केहिमकरांनी नोंदवलेली सणांची जुनी नावं पाहा. खिरीचा सण. बिरड्याचा रोजा, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास. तो वालाच्या बिरड्यावर सुटायचा. सर्वांत बोलका ‘अनाशी ढाकाचा सण’. अनाशी हे आंबट कालवणाचं भांडं. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, आठ दिवसांत ते झाकून ठेवायचं. इजिप्तमधून सुटका का झाली, मोशे कोण, हे विस्मरणात गेलं असेल. आंबलेलं या दिवसांत चालत नाही, हे भांड्यावरच्या झाकणाने लक्षात ठेवलं.

मांसाबरोबर दूध नाही, हा नियम इतर देशांतल्या यहुद्यांना जड जातो. कोकणात नारळ होता. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात, आणि मटणाच्या जेवणानंतरचं गोडही त्याच दुधात. नव्या वर्षाचा चिकाचा हलवा असाच होतो: गहू भिजवून, वाटून काढलेला चीक, नारळाचं दूध आणि साखर मंद आचेवर ढवळत राहायचं. हात भरून आले की घरातल्या दुसऱ्या कुणी उलथनं घ्यायचं. हलवा सुटेपर्यंत कुणी हलत नाही. शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, प्याल्यालाही दारू लागतेच असं नाही. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत चालतं.

पुढे सिनेगॉग झाली, हिब्रू शिकलेले लोक आले. जनावर कापायचा अधिकार शिकलेल्या पुरुषाकडे. मांस घरी आलं की अर्धा तास पाण्यात, तासभर जाड मिठात, मग तीनदा धुवायचं; कलेजी निखाऱ्यावर भाजूनच. ही मेहनत बायकांकडे.

बेने इस्राएल इस्राएल देशात गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नसंबंधांवरून या लोकांच्या यहुदीपणावर शंका घेतली. आंदोलन झालं, १९६४ साली त्यांना पूर्ण यहुदी मानलं गेलं. त्या साऱ्या वादात वंशावळी चाळल्या गेल्या. त्यांच्या आज्यांपुढे मासळीची पाटी ठेवली असती, तर निकाल दुपारच्या जेवणाआधी लागला असता.