प्लेग : पेशीच्या आत काय घडते?

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम हे उपनगर तेथील काडू मल्लेश्वराच्या देवळावरून ओळखले जाते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचा उल्लेख असलेला १६६९ चा शिलालेख या देवस्थानाशी निगडित असल्याने मराठी वाचकाला ते स्थान अगदीच परके नाही. उपनगराच्या सरळ, रुंद आणि काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांमागे मात्र एका रोगाची आठवण दडलेली आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात प्लेगची साथ आली. जुन्या पेठांतील कोंदट वस्तीत ती झपाट्याने पसरली आणि हवा-उजेड खेळेल अशा मोकळ्या जागी लोकांना वसवावे, या विचाराने मल्लेश्वरम व बसवनगुडी या वसाहतींच्या उभारणीला वेग आला.

तत्पूर्वी दोन वर्षे, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले होते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगाचा जंतू १८९४ मध्येच येर्सिन यांनी हाँगकाँग येथे शोधून काढला होता. तो उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. परंतु हा जंतू शरीरात शिरल्यावर नेमके काय करतो, दोन-चार दिवसांत धडधाकट माणूस का कोसळतो, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली. ते उत्तर पेशीमध्ये सापडते.

निरोगी पेशीचा व्यवहार

पेशी बाहेरून शांत दिसली तरी आत तिचे काम अखंड चालू असते. ग्लुकोजचे ऑक्सिजनच्या साहाय्याने ज्वलन करून ती अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, हे ऊर्जाधारक द्रव्य बनविते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे तीस रेणू मिळतात. या मिळकतीचा मोठा हिस्सा पेशीपटलातील एका पंपावर खर्च होतो. हा पंप एटीपीचा एक रेणू खर्चून सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आयन आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट अधिक राहते. त्यातील थोडे पटलातून बाहेर झिरपत असल्याने आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित होते. मज्जापेशीत हा विद्युतविभव उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास, तर स्नायूपेशीत उणे ९० च्या जवळ असतो. मज्जातंतूतून संदेश जातो, हृदय आकुंचन पावते, ते या विभवाच्या बळावरच. चयापचय आणि पटलावरील वीज ही, अशा रीतीने, एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत.

रक्षक पेशींची फसवणूक

पिसवाच्या शरीरातील जंतू माणसाच्या शरीरात शिरला की ३७ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत त्याचे रूप पालटते. आपल्या आवरणातील मेदद्रव्याची घडण तो अशी बदलतो, की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला त्याची चाहूल लवकर लागत नाही. एखादी भक्षक पेशी त्याला गिळावयास आलीच, तर सुईसारख्या नलिकेतून तो तिच्यात काही प्रथिने सोडतो. त्यांपैकी एक प्रथिन पेशीतील संदेशवाहक रेणूंवरील फॉस्फेट काढून घेते. दुसरे पेशीला आकार व हालचाल देणाऱ्या तंतूंची रचना मोडते. तिसरे धोक्याची सूचना देणारी साखळीच तोडते. भक्षक पेशी काही काळ जिवंत असते, पण तिच्या हातून काम होत नाही. तोवर जांघेतील किंवा काखेतील लसीका ग्रंथीत जंतूंची बेसुमार वाढ होते. लोकांनी 'गाठ' म्हणून ओळखलेले लक्षण ते हेच.

ऊर्जा आटते, वीज मंदावते

जंतू रक्तात पसरले की उशिरा जागी झालेली संरक्षक यंत्रणा एकदम उसळते. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तदाब घसरतो. डॉक्टर ज्याला 'शॉक' म्हणतात ती अवस्था येते. पेशींना ऑक्सिजन अपुरा पडतो आणि जो मिळतो त्याचा उपयोगही त्यांना नीट करता येत नाही. ऑक्सिजनविना ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे केवळ दोन रेणू हाती लागतात, आणि लॅक्टिक आम्ल साचत जाते.

ऊर्जेअभावी पंप मंदावतो. सोडियम आत साठते, त्यामागोमाग पाणी येऊन पेशी फुगते, पोटॅशियम बाहेर पडते आणि आतला ऋणभार उतरू लागतो. रक्तस्रावाने शॉकमध्ये गेलेल्या प्राण्यांच्या स्नायूपेशींत सूक्ष्म विद्युतअग्रे घालून १९७० च्या सुमारास मोजमाप करण्यात आले, तेव्हा उणे ९० मिलिव्होल्टचा विभव उणे ६० च्या आसपास आलेला आढळला. विभव असा उतरला की सोडियमची द्वारे वेळेवर उघडत नाहीत. स्नायू शक्तिहीन होतात, हृदयाचे ठोके क्षीण व अनियमित होतात.

वेळेचे महत्त्व

या क्रमातूनच उपचाराचे मर्म उलगडते. स्ट्रेप्टोमायसीनसारखी औषधे जंतूंची प्रथिने बनविण्याची यंत्रणा बिघडवितात. पण ती पेशीचा उतरलेला विभव परत आणू शकत नाहीत. त्यासाठी शिरेतून द्रव, ऑक्सिजन आणि रक्तदाब सावरणारी औषधे लागतात, आणि एका मर्यादेपलीकडे तीही निष्फळ ठरतात. उपचाराविना गाठीच्या प्लेगने शंभरांतील तीस ते साठ रोगी दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगातून तर क्वचितच कोणी वाचतो. तेच औषध आरंभी मिळाल्यास बहुतेक रोगी बरे होतात.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी आणि नंतर सुरतेस प्लेगची भीती पुन्हा जागी झाली, तेव्हा १८९८ साली कोणाजवळही नसलेली औषधे हाताशी होती. रुंद रस्ते आणि स्वच्छ घरे उंदीर-पिसवांना माणसापासून दूर ठेवतात. पण जंतू एकदा शरीरात शिरला, की पेशीतील पंप चालू आहेत तोवरचा काळच काय तो हाती असतो. ताप आणि गाठ दिसताच रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याचे महत्त्व यातच आहे.