स्मृतिवेगाची सुसंगती, संगणकातील
संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची (रॅमची) नवी पट्टी व मूळ यंत्रणा यांचा मेळ बसणे म्हणजे सुसंगती होय. लॅपटॉपची स्मृती वाढविताना मानक, विद्युत् दाब व वेग या तीन बाबी पाहाव्या लागतात.

डीडीआर-४ (२०१२) व डीडीआर-५ (२०२०) या मानकांच्या लॅपटॉप-पट्ट्यांना अनुक्रमे २६० व २६२ संपर्कबिंदू असतात आणि त्या १·२ व १·१ व्होल्ट दाबावर चालतात. त्यांची रचना भिन्न असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एकाच मानकात मात्र अनेक वेग आढळतात. उदा., डीडीआर-४-३२०० पट्टी सेकंदास ३२० कोटी वेळा प्रत्येकी ८ बाइट माहिती वाहते. म्हणजेच तिची सैद्धांतिक क्षमता सेकंदास २५·६ अब्ज बाइट होते. २४०० वेगाच्या पट्टीची क्षमता १९·२ अब्ज बाइट असते.

प्रत्येक पट्टीवरील एका लहान चिपेत तिचे वेग नोंदलेले असतात. संगणक सुरू होताना ही नोंद वाचली जाऊन सर्व पट्ट्यांना व प्रक्रियकाला झेपेल असा समान वेग ठरतो. त्यामुळे २४०० व ३२०० वेगांच्या पट्ट्या एकत्र बसविल्यास दोन्ही सामान्यतः २४०० वेगानेच चालतात; प्रक्रियकाची मर्यादा २४०० असल्यासही अधिक वेगाचा लाभ मिळत नाही. काही लॅपटॉपांत स्मृती मंडलफलकावरच डाखलेली असते. तेथे ती बदलता येत नाही.

अकोटसारख्या तालुक्याच्या गावी पट्टी बाहेरून मागवावयाची असल्यास जुन्या पट्टीवरील मानक व वेग आधी टिपून घेणे हितावह ठरते. अन्यथा खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो.