दुभाष्याला न कळलेली तीन रजिस्टरे

लिनक्स हे नाव संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी असते. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच गाभा, म्हणजे कर्नल, चालतो. कर्नल बहुतांशी सी भाषेत लिहिलेला आहे. पण काही ठिकाणी प्रोसेसरला थेट त्याच्या भाषेत हुकूम द्यावा लागतो. सीच्या मजकुरातच घातलेल्या अशा ओळींना इनलाइन असेंब्ली म्हणतात. या ओळींतील एक जुनी चूक आणि तिची दुरुस्ती आम्ही येथे मांडत आहोत.

कंपायलर हा सी आणि यंत्रभाषा यांच्यातला दुभाष्या. जीसीसी हा कंपायलर असेंब्लीच्या ओळींचा अर्थ लावत नाही, जशाच्या तशा पुढे धाडतो. आत काय घडते हे त्याला कळते ते फक्त शेवटी कोलन देऊन लिहिलेल्या याद्यांवरून: आत काय जाणार, बाहेर काय येणार, वाटेत काय बिघडणार. याद्या खऱ्या की खोट्या हे तो तपासत नाही. बिचारा विश्वास ठेवतो!

आता मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे काम घ्या. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर किती न्यायचे ती संख्या ईसीएक्स या रजिस्टरमध्ये, कोठून न्यायचे तो पत्ता ईएसआयमध्ये आणि कोठे ठेवायचे तो ईडीआयमध्ये असतो. काम संपते तेव्हा ईसीएक्समध्ये शून्य उरते आणि दोन्ही पत्ते पुढे सरकलेले असतात. हे दुभाष्याला सांगितले नाही तर शंभर अजून शंभरच आहेत असे समजून तो तेच रजिस्टर पुढच्या हिशेबात वापरू शकतो. अशी चूक जागच्या जागी सापडत नाही. कोठेतरी भलत्याच ठिकाणी मजकूर बिघडतो, यंत्र थिजते आणि शोधणारा निर्दोष ओळींची झडती घेत बसतो. कंपायलर बदलला की ती गायबही होते.

१९९६ च्या २.० कर्नलच्या लेखकांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी ही रजिस्टरे आत जाणाऱ्यांतही लिहिली आणि बिघडणाऱ्यांतही. जीसीसी २.७.२ ने ते चालवून घेतले. पण एकच रजिस्टर दोन्ही याद्यांत लिहिणे नियमाला धरून नव्हते. १९९७ साली निघालेल्या ईजीसीएस शाखेपासून कंपायलर कडक झाला आणि हे लिखाण अडू लागले. जुना कर्नल बांधायचा तर जुनाच कंपायलर जपावा लागे.

जानेवारी १९९९ च्या २.२ कर्नलमध्ये दुरुस्ती दिसते. डी०, डी१, डी२ अशी बिनकामाची चले घेऊन रजिस्टरांतून उरलेले मूल्य त्यांत बाहेर येते असे लिहिले गेले. मात्र येथे नवा खड्डा होता. बाहेर आलेले मूल्य कोणीच वापरत नाही हे पाहून हुशार कंपायलर अख्खे वाक्यच गाळू शकतो! म्हणून ‘व्होलटाइल’ हा शब्द हवाच. शिवाय यादीत ‘मेमरी’ हवे. नाहीतर मेमरी बदलल्याचा पत्ता नसल्याने तो रजिस्टरात जपलेले शिळे मूल्य वापरतो.

शिकणाऱ्यांनी जीसीसीला ‘-एस’ हा पर्याय देऊन निघालेली असेंब्ली एकदा स्वतः वाचावी. त्यातला एस मोठ्या लिपीतला असावा.