काचेच्या मण्यांचा हार घरी बनवायचाय? मण्याआधी रिंग तपासा

पुणे : सणवार आणि लग्नसराई जवळ आली की ग्रामीण तालुक्यांतल्या अनेक बायका पुण्याच्या रविवार पेठेत आणि तुळशीबागेत मणी, रिंगा, हूक घ्यायला येतात. कोणी घरच्यासाठी, तर कोणी बचत गटाच्या स्टॉलवर विकायला. काचेचे मणी आणि धातूच्या रिंगा यांचा हार शिकायला सोपा, भांडवलही थोडंच लागतं. पण जत्रेत विकलेला हार आठ दिवसांत तुटून परत आला, की त्या वाडीवर दुसरा हार विकणं अवघड होऊन बसतं. आणि असा हार बहुतेक वेळा मण्यापाशी तुटत नाही, रिंगेपाशी उघडतो.

पुण्याला हे काम नवं नाही. सोन्याच्या वाट्या आणि काळे मणी गाठवून देणारे पटवेकरी पेठांमध्ये जुन्या काळापासून आहेत. मंगळसूत्र, ठुशी, चिंचपेटी दोऱ्यावर गाठवतात, तिथं सगळा कस गाठीचा. रिंगांच्या हारात दोराही नाही आणि गाठही नाही. गाठीचं काम रिंगेनं करायचं असतं.

खरेदीला निघताना

एसटीनं स्वारगेटला उतरलं की मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई. तिथून तुळशीबाग आणि रविवार पेठ दोन्ही पायी जाता येतं. तुळशीबागेत तयार दागिने जास्त, सुटा माल बघायचा तर रविवार पेठ. मणी लडीवर किंवा वजनावर मिळतात. रिंगा, पिना पाकिटात किंवा ग्रोसवर. एक ग्रोस म्हणजे 144 नग.

सोबत एक छोटं लोहचुंबक ठेवावं. रिंग चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. घाम लागला की मुलामा उडतो आणि गंज धरतो. पितळेची रिंग चिकटत नाही. तीही काळी पडते, पण गंजून तुटत नाही. ॲल्युमिनियमची हलकी आणि मऊ असते, जड मण्यांना नको. स्टीलची रिंग काळी पडत नाही, मात्र ती वाकवताना बोटं दुखतात. रोज शंभर रिंगा वळवायच्या असतील तर पितळच बरं.

मणी काचेचा की प्लॅस्टिकचा, हे गालाला लावून कळतं. काच गार लागते, हाताला जड लागते. प्लॅस्टिकच्या मण्याला बऱ्याचदा साच्याची बारीक रेघ दिसते. काचेचे बरेच मणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगर, फिरोजाबाद, बनारस भागातून येतात. काहींचा रंग काचेतच असतो, काहींवर नुसता वरून चढवलेला. कापसावर नेलपेंट काढायचं पाणी घेऊन एक मणी घासून पाहावा. कापसाला रंग लागला तर तो माल उन्हाघामात टिकणार नाही.

हार जोडायचा कसा

दोन चपट्या तोंडाच्या पकडी आणि एक गोल तोंडाची, एवढी हत्यारं पुरतात. 8 मिलिमीटरचे मणी, आय पिन म्हणजे एका टोकाला डोळा असलेली पिन, 5 मिलिमीटर आतल्या मापाच्या आणि 20 गेज म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर जाड तारेच्या रिंगा, शेवटाला हूक.

मणी पिनेत ओवायचा. मण्याला चिकटूनच पिन काटकोनात वाकवायची, साधारण 1 सेंटिमीटर ठेवून बाकीची तोडायची आणि गोल पकडीनं तिचा डोळा वळवायचा. डोळा अर्धवट राहिला तर मणी निसटतो. तो पूर्ण मिटला पाहिजे. मग दोन मण्यांचे डोळे एका रिंगेत अडकवायचे.

घाई होते ती इथंच. नवखा माणूस रिंगेची दोन टोकं दोन बाजूंना ओढून फाकवतो. गोल रिंग लांबट होते आणि कितीही दाबली तरी पूर्वीसारखी मिटत नाही. केसाएवढी फट राहते, मानेच्या हालचालीनं डोळा त्या फटीशी येतो आणि हार सुटतो. रिंग ओढायची नसते, पिळायची असते. दोन्ही पकडींत दोन टोकं धरून एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे. कुलपात किल्ली फिरवल्यासारखं. मिटताना त्याच वाटेनं परत यायचं, टोकं किंचित आत दाबत एकमेकांवर घासून न्यायची. नीट बसली तर बारीक ‘टक्’ जाणवतं. मग सांध्यावरून शिवणकामाचा दोरा ओढून पाहावा. दोरा अडकला की रिंग मिटलेली नाही. एकच रिंग तीनचारदा उघडमीट करू नये, धातू कडक होऊन मोडतो. सरळ फेकून नवी घ्यावी.

एक मणी आणि एक रिंग मिळून जवळपास 2 सेंटिमीटर लांबी भरते. 45 सेंटिमीटरच्या हाराला हूक धरून 21-22 मणी लागतात. आधी पाच मणी जोडून मोजपट्टी लावावी, मगच बाकीचा हिशोब करावा.

किंमत आणि एक सावधगिरी

स्टॉलवर बहुतेकजणी मालाचा खर्च धरतात, स्वतःची मजुरी सोडून देतात. समजा, हाराला 60 रुपयांचा माल लागला आणि 2 तास गेले. तासाला 50 रुपये धरले तरी तो 160 रुपयांना पडला. गाडीभाडं आणि फुटलेले मणी वेगळेच. तो 120 ला विकला तर धंदा नाही, फुकटची राबणूक झाली. गटाला प्रदर्शनात जागा हवी असेल तर पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या तालुका कक्षात विचारावं. पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या भीमथडी जत्रेतही गटांचे स्टॉल असतात.

‘घरबसल्या मोती ओवा, महिन्याला हजारो कमवा’ असे मेसेज मोबाईलवर फिरतात. आधी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागितलं की तिथंच थांबावं. अशा बऱ्याच ठिकाणी पैसे भरल्यावर माल येतच नाही, किंवा केलेलं काम ‘खराब’ ठरवून मजुरी नाकारली जाते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

विकताना गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगाव्यात. मुलाम्याचा हार चिंच, लिंबू किंवा भांड्याच्या पावडरीनं घासू नये, सुक्या मऊ कापडानं पुसावा. कातडीला खाज किंवा लाली आली तर काढून ठेवावा. काहींना मुलाम्यातलं निकेल सोसत नाही. आणि पिशवीत दोन रिंगा जादा टाकाव्यात, हार कुठं सुटलाच तर घरच्या घरी जोडता येतो.