'मोच्याचा डाव' म्हणून हिणवलेली विद्या

विद्या कोणाच्या हाती आहे हे पाहून तिची किंमत ठरविण्याची खोड फक्त आपल्याच देशात आहे असे कोणी समजू नये. ब्राझीलमधील जिउ-जित्सू या मल्लविद्येत घोट्याला लावायचा एक साधा पेच आहे. रिओ शहरातील प्रतिष्ठित आखाड्यांत पायाचे पेच टाकणाऱ्याला कित्येक वर्षे 'सापातेरो' म्हणून हिणवीत. सापातेरो म्हणजे जोडे शिवणारा, मोची. शब्द पोर्तुगीज आहे. परंतु त्यातला डंख आमच्या वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही. आज हाच घोट्याचा पेच पांढऱ्या पट्ट्याच्या नवख्या प्रौढ विद्यार्थ्यालाही स्पर्धेत टाकता येतो, आणि पायाचे पेच न शिकलेला मल्ल वरच्या पातळीवर अपुरा मानला जातो. हे कसे घडले? आणि शिकलेल्या विद्येची उजळणी कशी करावी? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून दोहोंचा एकत्र विचार केला पाहिजे.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू. आपल्याकडील कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला. जिउ-जित्सूत पाठ जमिनीला लागली की खऱ्या झगड्याला सुरुवात होते. खाली पडलेला मल्ल आपल्या दोन्ही पायांनी वरच्याची कंबर जखडून धरतो. या स्थितीला 'गार्ड' म्हणतात. येथून तो वरच्याचा तोल मोडू शकतो, त्याचा कोपर सरळ करून हात अडकवू शकतो, पायांचा त्रिकोण करून मान आवळू शकतो किंवा त्याला उलटवून स्वतः वर येऊ शकतो. वरच्याचे काम असते ते पायांचा हा वेढा ओलांडण्याचे. तो ओलांडला की छातीवर आडवे दाबायचे, मग पोटावर बसायचे किंवा पाठीवर स्वार होऊन गळा धरायचा. स्पर्धेतील गुणही याच क्रमाने आहेत. खालून उलटविल्यास २, गार्ड ओलांडल्यास ३, पोटावर किंवा पाठीवर ताबा मिळविल्यास ४. पेच सुटत नाही असे दिसताच पेचात सापडलेला हाताने थाप देतो आणि झगडा त्याच क्षणी थांबतो. खाली असणे म्हणजे हरणे नव्हे, हा या विद्येचा पाया आहे. दुबळ्या शरीराचा मनुष्यही जमिनीवर बलदंडाला थोपवू शकतो, हीच तिची थोरवी सांगितली जाते.

परंतु जी विद्या दुबळ्यांची म्हणून सांगितली गेली ती प्रत्यक्षात कोणाला मिळाली? जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची संस्था स्थापन केली. तेथे तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये आले आणि पुढे उत्तरेकडील बेलेम शहरात राहिले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. कार्लोस आणि त्यांचे धाकटे बंधू एलियो यांनी रिओमध्ये आपली अकादमी नावारूपाला आणली. तेथे शिकणारे बहुतेक सुखवस्तू घरांतले. शिकवणी खासगी, शुल्क मोठे. बाहेरच्या जगाला ब्राझिलियन जिउ-जित्सूचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बव्हंशी या एका घराण्याचा इतिहास आहे.

माएदांचा दुसराही एक शिष्य होता, लुईझ फ्रांसा. फ्रांसांकडून १९३७ पासून ओस्वाल्दो फादा शिकले. फादा रिओच्या बेंतो रिबेरो भागातले. रिओमध्ये 'उपनगर' म्हटले की बंगले आणि बागा डोळ्यांपुढे आणू नयेत. शहराच्या उत्तरेला रेल्वेच्या कडेने पसरलेली कष्टकऱ्यांची वस्ती, असा तेथे या शब्दाचा अर्थ आहे. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने बंद केली ती १८८८ मध्ये, अमेरिका खंडांतील सर्व देशांच्या शेवटी. मुक्त झालेल्या त्या माणसांच्या पुढच्या पिढ्या बहुसंख्येने अशाच वस्त्यांत आणि डोंगरउतारांवरच्या झोपड्यांत राहिल्या. फादांनी १९५० मध्ये बेंतो रिबेरोत आखाडा उघडला. ज्यांच्याजवळ पैसे नव्हते त्यांना फुकट शिकविले. उद्यानांत शिकविले, समुद्रकिनाऱ्यावर शिकविले. आणि एक गोष्ट त्यांच्या आखाड्यात कसून घोटली जात होती, ती म्हणजे पायाचे पेच.

पुढे १९५० च्या दशकात फादांनी ग्रेसी अकादमीला जाहीर आव्हान दिले. सामने झाले ते ग्रेसींच्याच अकादमीत. उपनगरातल्या पोरांनी ते जिंकले आणि या विजयात पायाच्या पेचांचा वाटा मोठा होता. आता कोणीही शहाणा मनुष्य काय करील? ज्या पेचाने आपण हरलो तो शिकून घेईल. येथे झाले ते उलट. त्या पेचांना 'उपनगरी तंत्र' असे नाव पडले आणि तुच्छतेची परंपरा पुढे चालू राहिली.

आता याच्याच शेजारी दुसरी घटना ठेवून पाहा. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना क्रीडागारात जपानचे नामांकित ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी एलियो ग्रेसींना हरविले. खांदा पिळणारा पेच त्यांनी असा लावला की कार्लोस यांना टॉवेल फेकून सामना थांबवावा लागला. ज्युदोत या पेचाला 'उदे-गारामी' म्हणत. ब्राझीलमध्ये तो विजेत्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आज जगभर त्याला 'किमुरा' म्हणतात.

दोन्ही प्रसंगी पराभव त्याच घराण्याचा. दोन्ही प्रसंगी पेच सांध्याचा. दूरदेशीच्या विजेत्याने हरविले तेव्हा त्याचे नाव पेचाला देऊन त्याचा गौरव झाला. आपल्याच शहरातल्या गरिबांनी हरविले तेव्हा त्यांचा पेच मोच्याचा ठरला! पेचात फरक नव्हता, पेच लावणाऱ्याच्या पत्त्यात फरक होता. आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो.

यावर एक बचाव केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. पायाचे पेच धोक्याचे आहेत, म्हणून ते टाळले, असे म्हणतात. यात तथ्य आहे. टाच पिळण्याचा जो पेच आहे, ज्याला 'हील हूक' म्हणतात, त्यात पीळ गुडघ्याला बसतो. वेदना जाणवण्याआधीच गुडघ्यातील बंध तुटू शकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत जाड झगा घालून खेळायच्या स्पर्धेत तो बंद आहे. झग्याविना खेळायच्या स्पर्धेतही तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना तो २०२१ पासूनच खुला झाला. अशा नियमाला आमची हरकत नाही. परंतु धोका आहे म्हणून मर्यादा घालणे वेगळे आणि हलक्या माणसांचा म्हणून तिरस्कार करणे वेगळे. घोट्याचा सरळ पेच कोपराच्या पेचाइतकाच सांभाळून शिकविता येतो. तरीही तो वर्षानुवर्षे हिणवला गेला. धोक्याचे कारण त्याला पुरे पडत नाही.

तिरस्काराची किंमत शेवटी तिरस्कार करणाऱ्यालाच मोजावी लागली. जो पेच शिकायचा नाही त्याची तोडही शिकली जात नाही. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी न्यूझीलंडहून आलेले जॉन डॅनहर पुढे न्यूयॉर्कमध्ये जिउ-जित्सूचे शिक्षक झाले. डीन लिस्टर या अमेरिकन मल्लाने त्यांना एकदा साधा सवाल केला, की माणसाचे अर्धे शरीर आपण सोडून का द्यायचे? डॅनहर यांनी त्या अर्ध्या शरीराचा पद्धतशीर अभ्यास केला. २०१० च्या दशकात त्यांच्या शिष्यांनी पायाच्या पेचांच्या बळावर भल्याभल्यांना थाप द्यायला लावली. त्यांतलाच गॉर्डन रायन २०१७ मध्ये अबू धाबीच्या नावाने चालणाऱ्या ए.डी.सी.सी. या मोठ्या स्पर्धेत ८८ किलो गटात अजिंक्य ठरला. आणि हा अभ्यास झाला कोठे? न्यूयॉर्कमधील रेंझो ग्रेसी यांच्या अकादमीच्या तळघरात. मोच्याचा म्हणून हिणवलेला डाव ग्रेसी घराण्याच्याच छपराखाली शास्त्र झाला!

आता उजळणीचा प्रश्न. आम्ही वकिली करून उरलेल्या वेळात, चाळिशी उलटल्यावर ही विद्या शिकत आहोत. त्या अनुभवावरून सांगतो, की पेच पाहिल्याने येत नाही आणि शंभरदा नुसता गिरविल्यानेही येत नाही. घोट्याचा पेचच उदाहरणाला घ्या. प्रतिस्पर्ध्याचे पाऊल आपल्या काखेत घट्ट, मनगटाजवळचे हाड त्याच्या टाचेच्या वरच्या शिरेवर, आपले गुडघे त्याच्या मांडीभोवती आवळलेले, आपला एक पाय त्याच्या कमरेवर, मग कुशीवर वळून कंबर पुढे ताणायची. ही झाली कृती. यातले काय सुटले म्हणजे पेच फसतो, हे उजळणीत शोधायचे असते. गुडघे सैल पडले तर तो पाय ओढून काढतो. पाऊल काखेत वर सरकले तर जोर शिरेवर न पडता पोटरीवर पडतो. तो बूट घालावा तसा पाय आत रेटून उठू लागला तर त्याचा हात किंवा बाही धरून त्याला बसताच ठेवावे लागते.

म्हणून उजळणीच्या तीन पायऱ्या आम्ही महत्त्वाच्या मानतो. पहिली, विरोध न करणाऱ्या जोडीदाराबरोबर कृती नीट बसविणे. दुसरी, एकाच स्थितीपासून सुरुवात करून दोन-दोन मिनिटांचा झगडा. एकाने पेच पुरा करायचा, दुसऱ्याने सुटायचे, कोणीही यशस्वी झाले की पुन्हा तेथूनच आरंभ आणि मग भूमिकांची अदलाबदल. तिसरी, खुला झगडा आणि त्यानंतर वहीत चार ओळी. पेच कोठे अडला, जोडीदाराने कोणती तोड काढली, पुढच्या वेळी काय पाहायचे. पायाच्या पेचात एक पथ्य चुकवू नये. लावणाऱ्याने हळू ताणावे, सोसणाऱ्याने लवकर थाप द्यावी. अहंकारापायी गुडघा गमावण्यात कसलेही शौर्य नाही.

न्यायालयात साक्षीदार काय सांगतो यावर निकाल लागत नाही. त्याचे सांगणे उलटतपासणीत किती टिकते हे पाहिले जाते. जमिनीवरचा झगडा ही पेचाची उलटतपासणी आहे. तेथे पेचाचे कूळ कोणी विचारीत नाही. घोटा सापडला तर काळ्या पट्ट्याच्या वस्तादालाही थाप द्यावी लागते. म्हणूनच आमचे म्हणणे आहे, की उजळणी हे काही केवळ पाठांतराचे साधन नव्हे. ज्या गोष्टी आपण हलक्या समजून बाजूला टाकल्या, त्यांना पुन्हा तपासणीला उभे करण्याचे ते साधन आहे. रिओच्या प्रतिष्ठितांनी १९५० च्या दशकातील पराभवाची अशी प्रामाणिक उजळणी केली असती, तर त्यांच्या विद्येतील पोकळी इतकी वर्षे तशीच राहिली नसती.

फादा २००५ मध्ये निवर्तले. त्यांच्या परंपरेतले वेंडेल अलेक्झांडर आणि कार्लसन ग्रेसी यांच्या तालमीत वाढलेले आंद्रे पेदरनेरास यांनी १९९५ मध्ये एकत्र येऊन संघ काढला. त्याचे नाव 'नोवा उनियांव', म्हणजे नवी एकजूट. मानाउसच्या गरिबीतून आलेला आणि २०१० मध्ये यू.एफ.सी.च्या फेदरवेट गटाचा विजेता झालेला जोसे आल्दो याच संघाचा. ज्या दोन धारांना पैशाने आणि पत्त्याने वेगळे ठेवले होते, त्या चटईवर एक झाल्या.

आमच्या तरुणांनी यातून एवढे घ्यावे. कोणतीही विद्या शिका, मल्लविद्या असो की कायदा, संगणक असो की वैद्यक. शिकताना वही ठेवा, शिकलेले पुन्हा पुन्हा तपासा, वस्तादाचा शब्दही झगड्यात तपासून घ्या. आणि एखादा डाव 'हलक्यांचा' आहे असे कोणी सांगितले, तर तो सर्वांत आधी शिकून घ्या. सांगणारा बहुधा कधीतरी त्याच डावाने हरलेला असतो.