आधी नकाशा, मग गाणी

हंगाम आटोपला की सहकुटुंब यात्रेचे बेत ठरतात. धाडहून शेगावला झोपायची सोय असलेली गाडी न्यायची म्हटले, की पोरं टीव्ही अन् इंटरनेट मागतात. सभासद बंधूंनो, आमचे सांगणे एवढेच की, आधी रस्त्याचे पाहा. बुलढाण्यापुढे बोथा घाटात रेंज गेली, तरी फोनमधील जीपीएस उपग्रहावर चालते. नकाशा मात्र घरूनच फोनमध्ये उतरवून न्यावा. दुसरी गोष्ट बॅटरीची. ६० वॅटचा टीव्ही १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. दहा तासांत ५० अँपिअर-तास संपले, की सकाळी गाडीला धक्का मारा! म्हणून करमणुकीस वेगळी बॅटरी बसवावी. गाणी नसली तरी भागेल. लेकरंबाळं घाटात अडकायला नकोत.